बिनखुंट्यांचा तंबू

आमच्या दादाला तंबूचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर. लोकांना या वयात गुडघेदुखी लागते, याला तंबू लागला. सातपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर मशीनचे सुटे भाग तपासले, कधी उगाच रजा घेतली नाही, आणि मग एका दिवाळीत ऑनलाइन सेलमधून चार माणसांचा स्वस्तातला तंबू मागवला. चार माणसांचा म्हणजे चार बारीक माणसांचा, तीही एकमेकांवर न चिडलेली. आमच्या घरात अशी चार माणसं सापडणं कठीणच. तरी दादाने तो हॉलमध्ये उभा केला, सोफा भिंतीला सरकवून, आणि वहिनींना आत बसवून चहा पाजला.

पहिल्याच पावसाळ्यात तो तंबू उडाला. त्र्यंबकच्या बाजूला कुठल्याशा माळावर दोघं गेले होते. तंबूबरोबर आलेल्या खुंट्या म्हणजे नुसत्या तारा, वहिनींच्या अंबाड्याला लावाव्यात अशा. मुरुमात त्या वाकल्या, आणि ज्या आत गेल्या त्या माती भिजल्यावर अलगद वर आल्या. दोघं चिंब भिजून घरी आले. वहिनी बोलायच्या मनःस्थितीत नव्हत्या. दादा मात्र खूश होता, लहान मुलाला नवं कोडं मिळावं तसा. दुसऱ्याच दिवशी त्याने ओळखीच्या वेल्डरकडून सळईच्या खुंट्या करून आणल्या, हातभर लांब, वरून वाकवलेल्या, टोकाला घासून धार काढलेल्या.

मग रविवारचं जेवण म्हणजे तंबूचा तास झाला. खुंटी सरळ खाली मारायची नसते. तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं आणि टोक तंबूच्या दिशेने जमिनीत. अरुंद बाजू वाऱ्याकडे, दाराची पाठ वाऱ्याकडे. दोरी भिजली की सैल पडते, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर बाहेर जाऊन ती पुन्हा ताणायची. वरचं कापड आतल्या कापडाला टेकू द्यायचं नाही, टेकलं की तिथूनच पाणी पाझरतं. खळगा कितीही मऊ दिसला तरी त्यात झोपायचं नाही. हे सगळं मला पाठ आहे, माझी इच्छा नसताना. वहिनी वरण वाढता वाढता म्हणायच्या, "बघायला आले तेव्हा मला वाटलं होतं, माणूस अबोल आहे."

माझ्या हातून खुंटी कधीच नीट गेली नाही. मी सरळ तरी मारायचे, नाहीतर दगडावर तरी. "बाई, तू बँकेत बसतेस तेच बरं आहे," दादा म्हणायचा. "तुझ्यावर तंबू सोपवला तर आपण सगळे सकाळी गुजरातेत जागे होऊ." मला राग यायचा. माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो तो. मी हातोडी टाकून गाडीत जाऊन बसायचे आणि तो बाहेरून काचेवर टकटक करून चहा द्यायचा.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या पोटाचं दुखणं निघालं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन नको म्हणाले, औषधं चढवून पाहिली, ती त्याला झेपेनात. पावसाळा लागला तेव्हा डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता त्यांना आवडेल ते करू द्या." एवढंच. आम्ही दोघी दवाखान्याच्या जिन्यात उभ्या राहून रडलो. खाली नारळपाणीवाला आमच्याकडे बघत होता म्हणून रडणं आवरलं आणि दोन नारळ घेतले.

दादाला सगळं माहीत होतं. त्यानेच डॉक्टरांना सरळ विचारलं होतं. आईला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं. ती दादाकडेच राहायची, पंचवटीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये. तिचं सगळं लक्ष देवाकडे लागलेलं, आणि देवाचं काम आपल्या बाजूने चोख असलं पाहिजे असा तिचा हिशेब. सोमवार, गुरुवार, अमावस्या, काही म्हणून चुकायचं नाही.

आईबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आमचे बाबा गेले ते अचानक, ऑफिसला जाताना रस्त्यात, हार्ट अटॅकने. त्या सकाळी ते जिना उतरत असताना आईने त्यांना मागून हाक मारली होती, येताना कोथिंबीर आणा म्हणून. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. झालं! आईने ते कायमचं धरून ठेवलं. मी हाक मारली म्हणून ते गेले. आम्ही समजावून थकलो, डॉक्टरांनी समजावलं, मामाने समजावलं. त्यानंतर तिने घराबाहेर निघालेल्या कुणालाही मागून हाक मारली नाही. मी डबा विसरले तर ती चपला न घालता जिना धावत उतरायची, मला ओलांडून पुढे जायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि मग डबा द्यायची. धापा टाकत. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी हसायच्या. दादा कधीच हसला नाही. बाबांच्या दर श्राद्धाला आई पानावर बसून तेच म्हणायची आणि तो मान खाली घालून जेवायचा.

तर श्रावण आला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बहिणी भावासाठी उपवास करतात. एरवी वर्षभर भावाशी भांडायचं आणि एक दिवस त्याच्यासाठी उपाशी राहायचं, अशी ती सोय आहे. मी आपली दरवर्षी साबुदाणा, भगर, बटाट्याचे वेफर्स असा भरगच्च उपवास करणारी. त्या वर्षी पाणीसुद्धा घेतलं नाही. आईने सांगितलं म्हणून नाही. मलाच घ्यावंसं वाटेना.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. दादा आपला आपण उठून बाहेर आला. किती दिवसांनी त्याचा चेहरा हलका दिसत होता. "उद्या जाऊ या," म्हणाला. "तंबू घेऊन, धरणावर. एक रात्र. आज बरं वाटतंय, उद्याही वाटेल. परवाचं माहीत नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढ्यात आतून आई म्हणाली, "उद्या पंचमी आहे. उद्या जमिनीत काही घालायचं नाही."

नागपंचमीला खणायचं नाही, नांगरायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. जमिनीखाली नाग असतो, त्याला दुखापत व्हायला नको. आमच्या घरात हे कडक. दादाचा या सगळ्याशी उभा दावा. तरुणपणी एका पंचमीला त्याने मुद्दाम आईसमोर टोमॅटो चिरून खाल्ला होता, मीठ लावून, चवीने. पंचमी संपली तरी आई त्याच्याशी बोलत नव्हती. त्यामुळे आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचून तयारच होते.

दादा म्हणाला, "बरं."

आयुष्यात कधी आईला 'बरं' न म्हणणारा माणूस!

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिलाही ते खटकलं असावं, कारण तिचा आवाज एकदम मऊ झाला. "जा की रे, मी कुठे नको म्हणते. तुला जायचंय तर जा. पण खुंटी नाही मारायची. आणि मी पण येणार."

"पहारा द्यायला?"

"हो. पहारा द्यायला."

मग तो जो कामाला लागला! बिनखुंट्यांचा तंबू कसा उभा करायचा, एवढंच डोक्यात. पाण्याचे रिकामे जार सोसायटीतून गोळा केले, ते तिथे भरून त्यांना दोऱ्या बांधायच्या. "गोणीत माती भरली तर?" "माती खणणार कशाने?" आई म्हणाली. "वरवरची भरतो ना." "नाही." "बरं, दगड उचललेले चालतात का?" आईने खरोखर विचार केला. "उचललेले चालतात. खाली विंचू बघून." दोघंही गंभीर. मी आणि वहिनी तोंडावर हात ठेवून हसलो, आणि मग वहिनी हसता हसता आत निघून गेल्या. त्या का गेल्या ते मला माहीत होतं. मी मागे गेले नाही.

सकाळी पाटावर चंदनाचा नाग काढून झाला, लाह्या-दूध झालं, आईने पुरणाची दिंडं उकडली, डब्यात भरली, आणि आम्ही निघालो. मी गाडी चालवत होते. निघताना दादाने खुंट्यांची पिशवीही डिकीत ठेवली. "ती कशाला?" आईने लगेच विचारलं. "तंबूबरोबर असते ती, म्हणून," तो म्हणाला. आईने तोंड वाकडं केलं पण गाडीत बसली. दिंडोरीपर्यंत ती रस्त्याकडे कमी आणि मागे दादाकडेच जास्त बघत होती.

दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्याला लागून दादाच्या मित्राची द्राक्षबाग आहे. दोघं एकेकाळी शेजारच्या मशीनवर होते. मित्र नंतर नोकरी सोडून शेतीत परतला. तो बांधावर उभाच होता. दादाला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून म्हणाला, "या भाऊ, आज तुम्हालाच येळ हाय माझ्याकडं. बागेत सुट्टी हाय. ट्रॅक्टर बी उभा केलाय."

"पंचमी म्हणून?"

"मग! आज औत नाय, कुदळ नाय. आईचं बरोबर हाय."

"तू पण तिच्या पार्टीतला," दादा म्हणाला. आई एकदम खुलली.

दादाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि तो तिथून हुकूम सोडू लागला. ट्रॅक्टरची ट्रॉली वाऱ्याच्या बाजूला आणून लावली, आडोसा म्हणून. त्या बाजूच्या दोऱ्या ट्रॉलीच्या कड्यांना. उरलेल्या बाजूंना पाण्याने भरलेले जार आणि मोठे काळे दगड. आतल्या कोपऱ्यांत गाद्या, उशा, डबे. मी एका दगडाला दोरी बांधली तर तो खुर्चीतून ओरडला, "बाई, दगड आहे तो, साडी नेसवू नकोस त्याला! एक घट्ट गाठ मार." मी म्हटलं, "मग ये आणि तूच मार." बोलून गेले आणि जीभ चावली. तो खरंच उठला, हळूहळू आला, गुडघ्यावर बसला आणि गाठ मारली. उठताना त्याने माझा खांदा धरला. गाठ मात्र पक्की बसली.

तंबू उभा राहिला. एरवीसारखा ताठ नाही, जरा पोट सुटलेला, पण उभा. दादा आत जाऊन उताणा पडला, पाय बाहेर, तोंड पाण्याकडे. मी शेजारी बसले. "बाई," तो म्हणाला, "मला इथे फक्त एक रात्र झोपायचंय. सकाळी जाग आल्यावर दार उघडलं की पाण्यावर उजेड आलेला असतो. तो पाहायचाय. बाकी माझं काही म्हणणं नाही." मी म्हटलं, "पाहशील की." आणि मी त्याच्या पायातला मोजा सारखा करत बसले.

दुपारी दिंडं खाल्ली, वर साजूक तूप. दादाने अख्खं एक खाल्लं. किती दिवसांत त्याने असं काही खाल्लं नव्हतं. आई घासागणिक त्याच्या तोंडाकडे बघत होती. वहिनींनी दुसरं वाढायला हात पुढे केला तर आईने डोळ्यांनीच नको म्हटलं, दृष्ट लागेल म्हणून.

चार वाजायला आले असतील, डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलं. पाऊस येणार हे गृहीतच होतं, त्याची तयारी होती. पण वारा! आणि तोही नेमाने एका बाजूने येईना. ट्रॉलीला वळसा घालून पाण्यावरून येऊ लागला, म्हणजे जिथे आमचे जार आणि दगड होते तिकडून. पहिल्या झटक्याला दगडांवरच्या दोऱ्या निसटल्या. दादाची एक गाठ तेवढी राहिली. जार आडवे पडले आणि ओल्या गवतावरून घसरायला लागले. ट्रॉलीची बाजू घट्ट आणि ही मोकळी, त्यामुळे तंबू अर्धा उचलला गेला आणि फडाफडा वाजायला लागला.

आम्ही सगळे धावलो. मित्र एका कोपऱ्यावर, वहिनी दुसऱ्या, मी पुढे. आणि आई? आमची अठ्ठ्याहत्तरीची आई चिखलात मागच्या कोपऱ्यावर फतकल मारून बसली, दोन्ही हातांनी कापड धरून. पाऊस तिच्या तोंडावर येत होता. "धरलाय रे मी, धरलाय," ती ओरडत होती. दादा आत होता, तंबूची वाकलेली काडी खांद्यावर पेलत. काय हवंय ते त्याला आतून लगेच कळलं आणि सवयीने तो बोलूनही गेला, "मागची डावी बाजू! तिथे एक खुंटी असती ना, एकच, तर उभा राहिला असता."

आईने ते ऐकलं.

मग म्हणाली, "मारा." आम्हाला नीट ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं म्हणून पुन्हा ओरडली, "मारा रे खुंट्या! सगळ्या मारा. काय लागायचं ते मला लागू दे. माझं पोर भिजतंय!"

माझ्या आईने आयुष्यात देवाचं काही मोडलेलं मी पाहिलं नव्हतं. मित्र कोपरा सोडून गाडीकडे निघालाही.

"पिशवीला हात लावायचा नाही!"

तो दादाचा आवाज होता. दुखणं लागल्यापासून त्याला असा आवाज राहिलेला नव्हता. मित्र जागीच थांबला. "भाऊ, आई सोता सांगतीय—"

"नाही म्हटलं ना. आज पंचमी आहे. खुंटी मारायची नाही."

"अरे मी सांगतेय!" आई रडायला लागली होती. "मी सांगतेय ना तुला!"

"नाही आई. दोऱ्या सोडा. तंबू खाली घ्या. शेडमध्ये चला."

माझं डोकं फिरलं. मी वाकून आत गेले आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाले, "दादा, वेडा आहेस का? ती स्वतः म्हणतेय! तुझा कधीपासून विश्वास बसला असल्या गोष्टींवर? एक रात्र हवी होती ना तुला?"

तो हळूच बोलला, माझ्या कानाशी, आईला ऐकू जाणार नाही असं. "माझा नाही. तिचा आहे. मी तर जाणारच आहे बाई. आज खुंटी मारली तर ती मरेपर्यंत म्हणेल, त्या दिवशी मीच मारायला सांगितली. बाबांचं पाहिलंस ना?"

मी बाहेर आले आणि ट्रॉलीच्या कड्यातली दोरी सोडली. ओली गाठ सुटेना, दातांनी सोडवली. तंबू खाली बसला आणि आतली काडी कडकन मोडली. आम्ही दादाला धरून शेडमध्ये नेलं.

शेडमध्ये द्राक्षांचे रिकामे क्रेट रचलेले होते. त्यांवर बसून आम्ही चहा प्यायलो. दादाने मित्राचा शर्ट घातला होता, तो त्याला इतका मोठा होत होता की बघवेना. थोड्या वेळाने वारा पडला, पाऊसही थांबला. समोर पाणी इतकं शांत, जणू इथे काही झालंच नाही. पण काडी मोडलेली, तंबू पुन्हा उभा राहण्यातला नव्हता. मित्र म्हणाला, "पडवीत खाट टाकतो भाऊ, हितून बी पाणी दिसतं." वहिनींना त्याला घरी न्यायचं होतं, रात्रीची औषधं तंबूत भिजली होती. दादा पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चला. झालं माझं."

काही झालं नव्हतं त्याचं. मला गाडी चालवताना समोरचं नीट दिसत नव्हतं. आई मागे त्याच्याशेजारी बसली होती, त्याचा हात धरून. "बघ, मोडू दिलं नाहीस तू," ती त्याला म्हणत होती. "मी चुकत होते, तू सावरलंस. आता तो राखेल तुला." आणि दादा म्हणत होता, "हो आई." पंचवटी येईपर्यंत ती तेच म्हणत होती आणि तो हो म्हणत होता. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

एवढा भिजला पण त्याला साधी शिंकही आली नाही. आई सगळ्यांना सांगायची, बघा, पंचमीचा गुण. तिच्या अंगात बळ आलं होतं. मलाही दादाचं कौतुक वाटायचं. म्हटलं, काय डोकं आहे याचं! स्वतःच्या एका रात्रीच्या बदल्यात आईच्या सगळ्या रात्री सोडवल्या. वहिनींना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. मला त्याच रात्री म्हणाले."

दिवाळीच्या आधी दादा गेला. घरीच, आम्ही सगळे जवळ असताना. गोदावरीकाठी त्याचं सगळं झालं, तेरावा झाला, पाहुणे पांगले, बेंगळुरूहून आलेली भाची, दादाची मुलगी, आणखी आठवडाभर राहून परत गेली. आई रडली नाही. कुणाशी बोललीही नाही. खिडकीशी बसायची आणि बोटांची पेरं मोजत काहीतरी पुटपुटायची. आम्हाला वाटलं जप करते आहे.

एका दुपारी मी तिच्या पायांना तेल चोळत होते. ती एकदम म्हणाली, "चतुर्थी तू नीट केली होतीस ना गं?"

"कोणती?"

"श्रावणातली. त्याच्यासाठी."

"केली होती आई. पाणीसुद्धा प्यायले नव्हते."

"तवा?"

"ठेवला नव्हता."

"सूनबाईने काही चिरलं होतं का?"

"नाही गं. तूच तर होतीस समोर."

"लाह्या मी वाहिल्या होत्या. दूध कच्चंच होतं. दिंडं उकडलेलीच होती." ती एकेक पेर मोजत होती. "आणि खुंटी?"

"एकही नाही."

"मग?" आई म्हणाली. "मग का गेला?"

माझा तेलाचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. दादा गेल्यापासून ती रोज हेच शोधत होती. रोज सगळं पहिल्यापासून तपासायची, रोज ते सगळं बरोबर निघायचं. बाबांच्या वेळी ती निदान कपाळ बडवून घेऊन रडली होती. आता तिला कपाळ बडवायलाही काही सापडत नव्हतं. जेवण सुटलं होतं, झोप सुटली होती. मला दादाचा इतका राग आला, इतका राग, की तो समोर असता तर मी त्याला हलवून विचारलं असतं, हा विचार का नाही रे केलास?

आणि मला ते बघवेना. मी बोलून टाकलं. "आई, मी मारली होती एक खुंटी. मागच्या डाव्या बाजूला. तुम्ही सगळे शेडकडे निघालात तेव्हा. तंबू उडून जाईल म्हणून मारली. तुला सांगितलं नाही. माझ्यामुळे झालं."

मला वाटलं आई आता मारेल, शिव्या देईल, आणि मला ते हवंच होतं. तिने माझा तेलकट हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "घरी आल्यावर मी डिकीतली पिशवी उघडून बघितली होती. सगळ्या होत्या. मी एकेक हातात घेऊन बघितली गं. एकीलाही माती नव्हती."

आणि मग ती रडायला लागली.